तेरा दिवसांची कारकीर्द : इंद्रलाल रॉय



लढाऊ वैमानिक म्हटलं की आपल्याला १९६५ आठवतं, १९७१ आठवतं. श्रीनगरच्या तळावर बॉम्ब पडत असताना उड्डाण करणारे निर्मलजीतसिंग सेखों आठवतात, आणि आठवायलाच हवेत. पण आज मी तुम्हाला त्याच्याही त्रेपन्न वर्षं मागे नेणार आहे. १९१८ सालच्या जुलै महिन्यात, फ्रान्सच्या उत्तर टोकाला, जिथे त्या काळी कोळशाच्या खाणी होत्या आणि खंदकच खंदक होते. त्या आकाशात कलकत्त्यात जन्मलेला एक मुलगा तेरा दिवस लढला आणि मेला. वय वर्षं एकोणीस. नाव इंद्रलाल रॉय. घरचे आणि मित्र त्याला ‘लॅडी’ म्हणत.

एकंदर उड्डाण सुमारे १७० तासांचं. शत्रूची दहा विमानं पाडल्याची नोंद, त्यातली दोन सहकाऱ्यांसोबत. एवढ्याला कारकीर्द म्हणायचं का? मी म्हणतो, म्हणायचं. आणि का म्हणायचं, हेच मला आज मांडायचं आहे. तो शूर होता, हे सांगायला व्याख्यानाची गरज नाही. त्या वयात त्या विमानांत बसणारा प्रत्येक जण शूरच होता. इंद्रलालचं वेगळेपण शौर्यात नाही, शिकण्यात आहे. तो पडला, नापास ठरला, पुन्हा शिकला आणि परत आला. ही शिकण्याची गोष्ट आहे. शेवटी एक अवघड प्रश्नही आहे : तो लढला ते युद्ध कोणाचं? त्या प्रश्नाला बगल देऊन मला हा विषय संपवता येणार नाही.

आधी घर. वडील प्यारेलाल रॉय बॅरिस्टर, मूळ बारिसालकडच्या जमीनदार घराण्यातले. इंद्रलालचा जन्म २ डिसेंबर १८९८ चा. मुलांच्या शिक्षणासाठी आई मुलांना घेऊन लंडनला गेली आणि तिथेच राहिली. या आईकडे क्षणभर पाहा. ललिता रॉय हे नाव आपल्याकडे कोणी घेत नाही. १७ जून १९११ रोजी लंडनमध्ये स्त्रियांच्या मताधिकारासाठी प्रचंड मिरवणूक निघाली. तीत साड्या नेसलेल्या भारतीय स्त्रियांची एक तुकडी होती. त्या तुकडीतल्या प्रमुख स्त्रियांमध्ये ललिताबाई होत्या. ब्रिटिश स्त्रियांनाच जिथे मत नव्हतं, तिथे गुलाम देशातली एक स्त्री रस्त्यावर उतरून मत मागते! त्या वेळी इंद्रलाल बारा वर्षांचा होता. बंद दारावर थाप कशी मारायची, हे त्या घरातल्या मुलांना कोणी वेगळं शिकवावं लागलं नसणार.

आणि दार बंदच होतं. सेंट पॉल्स शाळेत शिकलेला, ऑक्सफर्डला जाऊ शकेल असा हा मुलगा. १९१७ मध्ये अठराव्या वर्षी त्याने रॉयल फ्लाइंग कोअरचा रस्ता धरला. हिंदी माणसाने अधिकारी म्हणून विमान चालवावं, ही कल्पना त्या काळच्या इंग्रज लष्कराला सहज पचणारी नव्हती. हरदितसिंग मलिकांचं उदाहरण घ्या. ऑक्सफर्डचे पदवीधर, ससेक्सकडून क्रिकेट खेळलेले. तरी आधी नकार. मग ते फ्रेंच रेडक्रॉसची रुग्णवाहिका चालवायला गेले. फ्रेंच त्यांना आपल्या हवाई दलात घ्यायला तयार झाले, तेव्हा त्यांच्या ऑक्सफर्डमधल्या शिक्षकाने, अर्कहार्टने, वरिष्ठ सेनाधिकाऱ्यांना पत्र लिहिलं. फ्रेंच घेतात, मग आपण का नाही? तेव्हा दार किलकिलं झालं.

त्या फटीतून चौघे आत गेले, ज्यांची नावं आज आपण घेतो. मलिक, एरॉल सेन, इंद्रलाल रॉय आणि आपल्या मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर. वेलिणकरांकडे मी परत येणार आहे.

इंद्रलालला आणखी एक अडथळा होता, डोळ्यांचा. दृष्टी अधू म्हणून त्याला परत पाठवलं. सांगतात की त्याने आपली मोटारसायकल विकली आणि त्या पैशांतून एका नामांकित नेत्रतज्ज्ञाकडे पुन्हा तपासणी करून घेतली. निकाल फिरला. ५ जुलै १९१७ रोजी तो सेकंड लेफ्टनंट झाला आणि ऑक्टोबरच्या अखेरीस फ्रान्समध्ये ५६ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये रुजू झाला.

आता थोडं विमानाबद्दल. समोर बरेच तरुण दिसतात, त्यांना हे आवडेल. विमान होतं एस.ई.५ए. लाकडी सांगाडा, त्यावर ताणलेलं कापड, पंखांच्या दोन ओळी, आणि पुढे सुमारे दोनशे अश्वशक्तीचं, पाण्याने थंड होणारं इंजिन. वेग ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या आतबाहेर. वैमानिकाच्या डोक्यावर छत नाही. पंधरा हजार फुटांवर उघड्यावर बसायचं. हवा विरळ, थंडी हाडं गोठवणारी. बंदुका दोन. एक समोर, फिरत्या पंख्याच्या पात्यांमधून गोळ्या अचूक सुटाव्यात अशी यंत्राने जुळवलेली. दुसरी वरच्या पंखावर बसवलेली लुईस गन. तिची गोळ्यांची चकती ९७ गोळ्यांची. ती संपली की एका हाताने विमान सांभाळायचं, दुसऱ्या हाताने बंदूक खाली ओढायची, रिकामी चकती काढायची, नवी बसवायची. आणि हे सगळं कोणी मागून गोळ्या झाडत असताना!

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. ब्रिटिश वैमानिकांना पॅराशूट दिलेलं नव्हतं. जर्मन वैमानिकांना ते १९१८ मध्ये मिळू लागलं, ब्रिटिशांना युद्ध संपेपर्यंत नाही. विमानाला आग लागली तर दोनच पर्याय : जळायचं किंवा उडी मारायची. हे माहीत असून रोज सकाळी ही मुलं विमानात चढत होती. मी हे वाचतो तेव्हा त्यांच्या शौर्याइतकाच मला त्यांच्या वरिष्ठांचा राग येतो, आणि तो राग शंभर वर्षांनीही कमी करण्याचं कारण मला दिसत नाही.

५६ स्क्वाड्रन म्हणजे त्या काळातली सर्वांत नावाजलेली तुकडी. आर्थर बॉल तिथले, जेम्स मॅककडन तिथले. इंद्रलाल तिथे पोचण्याच्या तीनच दिवस आधी त्या तुकडीचा तेजस्वी तरुण वैमानिक ऱ्हिस डेव्हिड्स मारला गेला होता. इंद्रलालचा फ्लाइट कमांडर होता रिचर्ड मेबरी. अशा तुकडीत हा नवशिका पोचला आणि काय केलं? काहीच नाही. पाच-सहा आठवडे गेले. एकही विमान पाडल्याची नोंद नाही. ६ डिसेंबर १९१७ रोजी त्याचं विमान जमिनीवर आदळलं आणि तो जबर जखमी झाला.

इथे ती प्रसिद्ध कथा येते. त्याला मृत समजून शवागारात ठेवलं, तिथे तो शुद्धीवर आला आणि दारावर मुठी आपटू लागला. बाहेरचा माणूस घाबरून दार उघडेना. इंद्रलालवर लिहिणारा प्रत्येक जण ही कथा सांगतो. ऐकायला ती विलक्षण आहे, पण तिच्या झगमगाटात त्यानंतरचं महत्त्वाचं पान झाकलं जातं, अशी माझी तक्रार आहे.

ते पान असं. अपघातानंतर त्याला उड्डाणासाठी अपात्र ठरवलं. काम मिळालं सामानसुमानाच्या खात्यात, जमिनीवर. आणि या महिन्यांत त्याने चित्रं काढली. विमानांची चित्रं, एक नाही, अनेक, आणि त्यांतली बरीचशी आजही जपलेली आहेत. बिछान्यावर पडलेला, उडायला बंदी असलेला एकोणीस वर्षांचा मुलगा विमान कागदावर उतरवतो. चित्र काढणाऱ्याला नीट पाहावं लागतं. पंख कुठून फुटतो, शेपूट कशी वळते, मागे बसलेल्या बंदूकधाऱ्याला कुठल्या बाजूचं दिसतं आणि कुठल्या बाजूचं दिसत नाही. ज्याला हवेत शत्रूचं विमान दोन-तीन सेकंद दिसणार आहे, त्याला असं पाहण्याची सवय किती उपयोगी पडली असेल! मी असं मानतो की इंद्रलालची खरी कारकीर्द त्या कागदांवर सुरू झाली.

मधल्या काळात त्याच्या भोवतालचं जग बदललं. मेबरी १९ डिसेंबरला, म्हणजे इंद्रलालच्या अपघातानंतर तेराच दिवसांनी मारला गेला. १ एप्रिल १९१८ रोजी रॉयल फ्लाइंग कोअर आणि नौदलाचं हवाई दल एकत्र होऊन रॉयल एअर फोर्स जन्माला आली. इंद्रलाल मात्र एकच मागणी करत होता : मला पुन्हा उडू द्या. पुन्हा तपासणी, पुन्हा आर्जवं. अखेर परवानगी मिळाली आणि जून १९१८ मध्ये तो ४० क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये आला. या तुकडीचा प्रमुख रॉडरिक डॅलस महिन्याच्या सुरुवातीलाच मारला गेला होता.

इथे त्याला गुरू भेटला, कॅप्टन जॉर्ज मॅकेलरॉय. आयरिश, डब्लिनकडचा, पंचविशीतला. मॅकेलरॉयची गोष्ट ऐका, मग या जोडीचा अर्थ कळेल. तो स्वतः या तुकडीत १९१७ च्या ऑगस्टमध्ये आला, आणि त्याच्या नावावर पहिला विजय लागला तो २८ डिसेंबरला. चार महिने हात रिकामे! त्याला तयार केलं मिक मॅनॉकने. हा मॅनॉक म्हणजे हवाई लढाईचा आद्य शिक्षक. समोर दिसेल त्यावर तुटून पडणाऱ्या वीरांचा तो काळ, आणि हा माणूस सांगत होता की आधी उंची मिळवा, सूर्य पाठीशी घ्या, जवळ जाईपर्यंत गोळी वाया घालवू नका, एकमेकांना सोडू नका, आणि पडणाऱ्या विमानामागे खाली जाऊ नका. मॅनॉककडून मॅकेलरॉय शिकला आणि मग त्याच्या विजयांची संख्या ४७ पर्यंत गेली. एप्रिलमध्ये तोही अपघातात जखमी झाला होता आणि जूनमध्येच परतला होता. म्हणजे गुरू-शिष्य दोघेही दुखापतीतून उठून एकाच महिन्यात त्या तळावर भेटले. उशिरा शिकलेला माणूस उत्तम शिकवतो, हे समोर बसलेल्या शिक्षकांना मी सांगायला नको.

आणि मग ते तेरा दिवस. ६ जुलैला पहिलं विमान पडलं, एक हॅनोव्हर. ८ जुलैला चार तासांच्या आत तीन : दोन हॅनोव्हर आणि एक फोकर डी-सेव्हन. १३ ला दोन, १५ ला दोन, दोन्ही फोकर. १८ ला एक. १९ ला एक.

यात हॅनोव्हर हे नाव वारंवार येतं, तिकडे लक्ष द्या. हॅनोव्हर हे दोन माणसांचं विमान. पुढे वैमानिक, मागे बंदूकधारी. विमान लहानखुरं असल्यामुळे लांबून ते एका माणसाचं वाटे आणि मागून जाणारा फसे. शिवाय त्याची शेपूट अशी केलेली, की मागच्या बंदूकधाऱ्याला मारा करायला मोकळी जागा मिळावी. अशा विमानापाशी जायचं तर त्याची रचना तोंडपाठ हवी. आता ती चित्रं पुन्हा आठवा. डिसेंबरात ज्याला काही जमत नव्हतं, त्याला जुलैमध्ये हे जमलं. मधल्या काळात त्याच्या अंगात शौर्य वाढलं का? शौर्य तेवढंच होतं, नजर वाढली होती. आणि सोबतीला शिकवणारा होता.

२२ जुलै. कार्व्हॅ गावावर फोकर विमानांशी झुंज झाली. समोर जर्मनांची २९ क्रमांकाची तुकडी होती. इंद्रलालचं विमान पेटलं आणि कोसळलं. शेवटच्या विजयाला तीन दिवस झाले होते.

त्यानंतर काय झालं? चार दिवसांनी, २६ जुलैला, मॅनॉक गेला. पडलेल्या शत्रूच्या विमानामागे खाली जाऊ नका असं आयुष्यभर सांगणारा मॅनॉक नेमका तसाच खाली गेला आणि जमिनीवरच्या गोळीबारात मारला गेला. ३१ जुलैला मॅकेलरॉय गेला, तोही जमिनीवरच्या गोळीबारात. नऊ दिवसांत शिष्य, गुरू आणि गुरूचा गुरू! एक अख्खी परंपरा एका पंधरवड्यात नाहीशी झाली. त्याच महिन्यात ९ तारखेला मॅककडनही इंजिन बिघडून कोसळून मरण पावला. शिकवणाऱ्यांनाच रोज मरायला पाठवणारं युद्ध शेवटी आपलंच ज्ञान जाळून टाकतं, हे इतकं स्पष्ट मला दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही.

सप्टेंबरमध्ये इंद्रलालला डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस जाहीर झाला. हे पदकच त्या जूनमध्ये सुरू झालेलं, आणि ते मिळवणारा तो पहिला भारतीय. मानपत्रात तेरा दिवसांत नऊ विमानं असा उल्लेख आहे, पुढच्या नोंदी दहा धरतात. मी त्या हिशेबात शिरत नाही. प्रत्येक आकड्यामागे एखाद्या जर्मन आईचा मुलगा होता, हे ललिता रॉय नावाच्या आईला कोणीही न सांगता कळलं असेल.

आता तो अवघड प्रश्न. हे युद्ध कोणाचं होतं?

दोन उत्तरं तयार आहेत. इंग्रज म्हणत, पाहा, साम्राज्याचा निष्ठावंत पुत्र. आपल्यातले काही म्हणतात, परक्यांसाठी मेलेला, त्याची आठवण आपण का ठेवावी? मला दोन्ही उत्तरं मान्य नाहीत.

१९१८ च्याच जूनमध्ये मुंबईत काय चाललं होतं ते पाहा. १० जूनला टाउन हॉलमध्ये गव्हर्नर विलिंग्डनने युद्ध परिषद बोलावली. लोकमान्य टिळक बोलायला उठले. सहकार्य आणि स्वराज्य यांची सांगड ते घालू लागताच गव्हर्नरने त्यांना अडवलं. टिळक सभा सोडून बाहेर पडले. त्याच वर्षी त्यांनी गांधीजींना पन्नास हजार रुपयांचा धनादेश पाठवला. हिंदी लोकांना सैन्यात अधिकाराच्या जागा देण्याचं वचन तुम्ही सरकारकडून मिळवा, मी महाराष्ट्रातून पाच हजार माणसं भरती करून देतो, न दिली तर हे पैसे दंड म्हणून घ्या. गांधीजींनी तो परत केला. पण टिळकांची मागणी काय होती, हे नीट ऐका. माणसं द्यायला ना नाही, पण शिपाई म्हणून नाही, अधिकारी म्हणून. मराठा पलटणींनी मेसोपोटेमियात कुतच्या वेढ्यात उपासमार सोसली होती. हुकूम द्यायची जागा मात्र इंग्रजाची. टिळक टाउन हॉलमधून बाहेर पडले त्याच महिन्यात इंद्रलाल रॉय फ्रान्समध्ये अधिकाऱ्याच्या गणवेशात विमानात चढत होता. जो हक्क सरकार बोलायलाही देत नव्हतं, तो एक मुलगा प्रत्यक्ष वापरत होता. हा योगायोग मला फार मोठा वाटतो.

आणि त्याचे गुरू तरी कोण? मॅनॉक आयरिश वंशाचा, समाजवादी, आयर्लंडच्या होमरूलचा उघड पाठीराखा. टिळकांनी १९१६ मध्ये आपल्या संघाला जे नाव दिलं, ती चळवळ मूळ तिथलीच. मॅकेलरॉयबद्दल सांगितलं जातं की १९१६ च्या ईस्टरमध्ये डब्लिनला उठाव झाला तेव्हा आपल्याच आयरिश माणसांवर गोळी झाडायला त्याने नकार दिला आणि म्हणून त्याची बदली झाली. साम्राज्याची सर्वांत कठीण लढाई ज्या गुरुपरंपरेने लढली, ती परंपरा अंकित देशांतल्या माणसांची होती! ‘निष्ठावंत’ आणि ‘परक्यांचा’ या दोन खणांत ही माणसं मावत नाहीत.

युद्ध संपलं आणि दार पुन्हा लागलं. भारतीयांना वैमानिक अधिकारी म्हणून क्रॅनवेलच्या प्रशिक्षण महाविद्यालयात प्रवेश मिळाला तो १९३० मध्ये. ८ ऑक्टोबर १९३२ रोजी भारतीय हवाई दल स्थापन झालं. त्या पहिल्या तुकडीतल्या सुब्रतो मुखर्जींनी १९५४ मध्ये त्याचं प्रमुखपद घेतलं. भारतीयांना विमान चालवणं जमेल का, ही शंका विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकातही इंग्रज अधिकारी घेत होते. त्यांच्याच दप्तरात १९१८ सालचा जुलै महिना नोंदलेला होता.

बाकीच्यांचं काय झालं, तेही सांगतो. सेन १४ सप्टेंबर १९१७ रोजी शत्रूच्या प्रदेशात उतरावं लागल्याने कैद झाला आणि जर्मनीत होल्त्समिंडनच्या छावणीत राहिला. मलिकांच्या विमानाला एका झुंजीत चारशेच्या वर गोळ्या लागल्या, दोन त्यांच्या पायात राहिल्या. ते बचावले, पुढे स्वतंत्र भारताचे फ्रान्समधले राजदूत झाले, १९८५ पर्यंत जगले. इंद्रलालचा थोरला भाऊ परेशलाल युद्धातून परतला आणि त्याने भारतात मुष्टियुद्धाचा खेळ रुजवला. इंद्रलालच्या जन्मशताब्दीला, १९९८ मध्ये, टपाल खात्याने त्याच्यावर तिकीट काढलं. कलकत्त्याच्या भवानीपुरात त्याच्या नावाचा रस्ता आहे.

आणि श्रीकृष्ण वेलिणकर. २३ क्रमांकाची स्क्वाड्रन, विमान डॉल्फिन. जून १९१८ च्या अखेरीस गस्तीवर असताना ते शत्रूच्या प्रदेशात पडले, आणि ३० जूनला त्यांचा मृत्यू झाला. इंद्रलालचा पहिला विजय त्यानंतर सहा दिवसांनी. बंगालने आपल्या मुलाचा रस्ता केला, तिकीट निघालं, त्याच्या कबरीवर बंगाली ओळ आहे. मुंबईच्या या मुलाचं नाव मुंबईत किती जणांना माहीत आहे? या सभागृहात हात वर करायला मी सांगत नाही.

मराठी माणसं आता फ्रान्सला मोठ्या संख्येने जातात. पॅरिस बघून येतात. त्यांतल्या कोणी एक दिवस काढावा. पॅरिसहून गाडीने अमियाँ गाठा. तिथून जवळच हँगार गावाची दफनभूमी आहे, तिथे वेलिणकर आहेत. मग उत्तरेला, लाँस शहराच्या पलीकडे, एस्तेव्हेल नावाचं छोटं गाव आहे, तिथे इंद्रलाल आहे. त्याच भागात नव्ह शापेलचं स्मारक आहे, ज्यांना कबरही मिळाली नाही अशा चार हजारांहून अधिक भारतीय सैनिकांची नावं त्याच्यावर कोरलेली आहेत. पण आधी हँगारला जा. तिथे आपल्या गावचं कोणी फारसं गेलेलं नाही.